एक्स-रेवाल्यानं काढलेलं लग्न

...नाही, तुम्हीच सांगा राजेहो, हाडाचे फोटो काढणाऱ्या माणसाले कोणी लग्नाचे फोटो काढाले बोलावते काय? बोलावते काय? उद्या तुमच्या घरचा नळ गळाले लागला तं तुम्ही दाताच्या डॉक्टरले फोन लावान काय, का बावा तुह्याजवळबी पकड आहे, ये अन् दे पिळून? नाही न? पण आमच्या अश्विनले बोलावलं! अन् तो गेला! अन् त्याच्या मागं मी गेलो, ते वेगळंच. माह्या हाताची शीर अजून दुखून राहिली, फ्लॅश धरून धरून.

अश्विन म्हणजे आमच्या दवाखान्यातला एक्स-रे टेक्निशियन. शहरात महाल भागात आमचा ट्रस्टचा दवाखाना आहे, तीन मजली, लिफ्ट आहे पण तिच्यात झाडू ठेवतात, अन् जिन्याच्या खाली एक्स-रेची खोली. त्या खोलीच्या दारात स्टूल टाकून जो माणूस नंबर पुकारते तो मी, वामनराव. बावीस वर्षं झाली पुकारून राहिलो. अन् आतमधी अकरा वर्षांपासून हा अश्विन एकच वाक्य बोलून राहिला. ‘श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका... सोडा.’ दिवसाले नव्वद वेळा! आवाज असा, तुमाले सांगतो, रेल्वे टेशनावर गाडी लेट आहे म्हणून सांगणारी बाई ह्याच्यापेक्षा जास्त मायेनं बोलते. कोणाचा पाय तीन जागी मोडलेला, कोणाच्या पोरानं चाबी गिळलेली, कोणाची बायको बाहेर हंबरडा फोडून राहिली... ह्याच्या तोंडावरची रेघ हलत नाही. श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका, सोडा. मी एकदा म्हटलं, अबे जरासा हसत जा बावा. तं म्हणे, ‘वामनराव, मी हसलो तं पेशंटले वाटते सगळं चांगलं आहे. नाही हसलो तं वाटते सगळं संपलं. त्याच्यापेक्षा काहीच नाही केलेलं बरं.’ अन् नियमच आहे न तसा! टेक्निशियननं पेशंटले काही सांगाचं नसते. ह्याले दिसते सगळं, सांगते डॉक्टर. म्हणजे पोस्टमन पाहा, चिठ्ठी फोडून वाचणारा, पण बोलाची बंदी असलेला.

तं झालं काय, डिसेंबरात ह्याचा मामा आला. मधुकरराव. पारशिवनीकडचे, एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. अश्विनचा बाप लवकर गेला, तं पाचवी ते बारावी हा मामाच्याच घरी वाढला, जयवंतामामीच्या हातचं खाल्लं, अन् मामाची पोरगी कामिनी ह्याले राखी बांधते. म्हणजे म्हणाले मामा, पण बापच. मामाले महिनाभर खोकला. गावच्या डॉक्टरचं औषध पेऊन पेऊन बाटल्यायची रांग लागली. मंग आले आमच्याकडे. नंबर एक्केचाळीस. मीच पुकारला.

अश्विन म्हणे, ‘मामा, पुढं सरका.’ मामा म्हणते कसे, ‘पस्तीस वर्षं मी लोकायले हेच म्हटलं बावा, पुढं सरका, पुढं सरका. आता मले म्हणणारा भेटला!’ हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. श्वास घ्या... धरून ठेवा... मामाले धरताच येईना. खोकला. पुन्हा. श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका... सोडा.

मले एक्स-रे वाचता येत नाही. पण बावीस वर्षं दारात बसून येवढं समजते, की फुप्फुस काळं दिसाले पाहिजे. तिथी उजवीकडे पांढरं होतं. लिंबायेवढं.

अश्विननं पाह्यलं. मी अश्विनकडे पाह्यलं. मामा शर्टाच्या गुंड्या लावत बाहेर आले, म्हणे, ‘कसा आला गा फोटो?’

‘चांगला आला मामा.’

‘मी हाललो तं नाही?’

‘नाही.’

‘बरं झालं. मले वाटलं मी हाललो.’

झालं. अन् अश्विन मले म्हणते, ‘वामनराव, बेचाळीस पाठवा.’

मंग मोठ्या दवाखान्यात पाठवलं, सुई टाकून तुकडा तपासला, आठ दिवसानं कागद आला, अन् जे समजाचं ते समजलं. डॉक्टर म्हणे, उशीर नाही झाला पण उशीर करू नका, तीन-तीन आठवड्यानं सलाईनमधून औषध द्या लागन, तुमच्याच दवाखान्यात देता येते, लगेच सुरू करा. अन् मामा काय म्हणे माहीत आहे? ‘मे महिन्यात पोरीचं लग्न आहे साहेब. ते झालं की मंग येतो.’ जसा काही दवाखाना म्हणजे शेवटची गाडी, ह्याच्यासाठी थांबूनच राहणार आहे!

आमच्या कॅन्टीनमधी बसले दोघंजण. मी बाजूच्या टेबलावर, त्यायच्याकडे पाठ करून. म्हणजे ऐकाले येत होतं. मामा म्हणे, ‘ह्या औषधानं केस जातात म्हणते. टकला बाप उभा राह्यला तं पाव्हणे नवरी पाहतीन का मले? अन् जयवंताले सांगशीन नको. कामिनीले तं बिलकुलच नको. ते लग्नच नाही करणार, लय जिद्दी आहे.’ अश्विनच्या चहावर साय धरली. मंग एकदम म्हणते, ‘मामा, मे नाही. फेब्रुवारी. इतवारी लग्न, मंगळवारी भरती. नाहीतं मी आत्ता मामीले फोन लावतो.’ अन् मोबाईल टेबलावर ठेवला. तुमाले सांगतो, अकरा वर्षांत ह्या पोराचं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

मामा मानले. आता आमच्यात काही पोथी-पंचांग पाहा लागत नाही. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, मंगलगाथा, दोन हार, फुलायच्या पाकळ्या, जय भीम, अन् जेवाले बसा. इतवार सापडला की लग्न! सावनेरचे व्याही आनंदराव, कोळसा खाणीत होते, बोलतात असे की बोगद्याच्या त्या टोकाले ऐकू जावं, ते फोनवर म्हणे, ‘काहून गा मधुकरराव, येवढी घाई कायची? पोरगा पळून राहिला काय आमचा?’ मामा म्हणे, ‘हॉल भेटून राहिला.’ ठरलं. फेब्रुवारीचा दुसरा इतवार.

अन् इथीच घोळ झाला न राजेहो! नेमका त्याच इतवारी बाकीच्या दुनियेचा जब्बर मुहूर्त निघाला. फोटोवाला ऋषी, ह्याच महालातला, मे महिन्यासाठी ठरला होता, तो म्हणे, ‘भाऊ, त्या दिवशी माह्याकडे तीन लग्नं आहेत, मी स्वतःच्या लग्नाले गेलो नसतो.’ दुसरा नाही. तिसरा नाही. रामटेकचा नाही, कामठीचा नाही. एक भेटला, तो म्हणे फक्त ड्रोन आहे, वरून काढून देतो. वरून काय काढतं बापा, पाव्हण्यायचे टकले?

मंग जयवंतामामीचा फोन आला अश्विनले. मी बाजूलेच होतो, अन् मामी फोनवर बोलते म्हणजे फोनची गरजच नसते. ‘काहून गा अश्विन, तू तं रोज फोटोच काढतं न दवाखान्यात?’

‘मामी, ते हाडाचे राहते.’

‘मंग? आतल्या हाडाचे काढता येते तं वरच्या मांसाचे काहून नाही येत? ते तं वरच आहे! अंदर घुसाचंही काम नाही!’

आता ह्याच्यावर काय बोलान तुम्ही? अश्विन म्हणे, ‘मामी, मले नाही जमणार.’ तेवढ्यात मामानं फोन घेतला असन, कारण आवाज एकदम बारीक झाला. मंग अश्विननंच सांगितलं मले, मामा काय बोलले ते. म्हणे, ‘आतला तू काढला न. आता बाहेरचाही तूच काढ. दुसऱ्याले मी नाही जमत.’

अन् हा ‘हो’ म्हणाला. तसंच, सपाट. जसं कोणी विचारलं, संडास कुठी आहे, अन् ह्यानं सांगितलं, सरळ जाऊन डावीकडे.

मंग सुरू झाली तयारी. कॅमेरा कोणाजवळ? आमच्या हाडाच्या डॉक्टरजवळ, डॉक्टर हर्षितजवळ. सुटी भेटली की पेंचले जाते वाघाचे फोटो काढाले. त्यानं मोठ्या मनानं दिला. पण लेन्स! तुमाले सांगतो, माह्या हातायेवढी लांब! डॉक्टर म्हणे, ‘दीडशे मीटरवरचा वाघ यात मिशीसकट येते.’ अहो पण नवरी का दीडशे मीटरवर उभी राहणार आहे? झुडपात? पहिल्या दिवशी अश्विननं खोलीतून माह्याकडे धरला अन् खटकन काढला. पाह्यलं तं नुसती माही डावी नाकपुडी. आतले केससुद्धा मोजता येतीन असे. हाडवाल्याले मांस दिसलं एकदाचं!

शेवटी ऋषीनंच लहान लेन्स दिली, त्याले दया आली असन. अन् अर्धा तास शिकवलंही. पांढऱ्या साडीवर पांढरा उजेड पडला की सगळं धुऊन जाते, तेव्हा उजेड कसा कमी कराचा, हे अश्विनले पटकन समजलं. पांढरं म्हणजे त्याचा रोजचा विषय. पण मंग ऋषी म्हणते, ‘भाऊ, नवरदेव-नवरी तं कोणीबी काढते, ते पळून जात नाही. तू बापाले पाह्य. पोरीचा बाप दिवसभर हसते, वाढते, या बसा करते, अन् एका टायमाले गायब होते. कुठी जाते ते पाह्य. हॉलच्या मागं, गाडीच्या आड, कुठी न कुठी उभा राहते. तो एक फोटो भेटला की अल्बम झाला समज.’ अश्विननं खिशातून चिठ्ठी काढली, त्याच्यावर लिहिलं, ‘बाप’. अन् चिठ्ठी घडी करून परत ठेवली. मी तोंडाकडे पाह्यलं त्याच्या. काही नाही. रेघ हलली नाही.

दुपारी पेशंट कमी झाले की प्रॅक्टिस. आमचा अँब्युलन्सचा ड्रायव्हर नवरदेव, अन् नवरी कोण? मी! पन्नाशी उलटलेला, मिशीवाला, डोक्यावर दवाखान्याची पांढरी चादर! अन् हा कॅमेरा डोळ्याले लावते अन् म्हणते, ‘हनुवटी वर. हात कमरेवर. खांदे पुढं. श्वास घ्या... धरून ठेवा... हलू नका... सोडा.’ अबे! पाह्यले फोटो, तं दोघंही गाल फुगवून, डोळे वटारून, जसं कोणी आमाले विहिरीत बुडवून आत्ताच वर काढलं. अन् पुन्हा काय, समोरून एक झाला की म्हणते, ‘आता साइडनं.’ नवरदेवाचा साइड, नवरीचा साइड! लग्नाचा अल्बम का पोलीस ठाण्यातला बोर्ड? मी म्हटलं, अश्विन, ‘हसा’ म्हण न बावा. फक्त हसा. दोन अक्षरं. तो तोंड उघडे, अन् त्यातून निघे, ‘श्वास घ्या.’ आठ दिवस राजेहो! आठ दिवस तो ‘हसा’ शिकत होता. पोट्टं बोलाले शिकते येवढ्यात.

अन् त्या मधल्या दिवसायतच मामाचा एक फोन आला. ते मले नंतर समजलं. मामा म्हणे, ‘एक माह्या एकट्याचा काढजो. बरा निघाला पाहिजे. मोठा करता येईन असा.’ बस. येवढंच. कशाले ते मामानं सांगितलं नाही, अन् ह्यानं विचारलं नाही. चिठ्ठीवर ‘बाप’च्या खाली लिहिलं, ‘मामा, सिंगल’. अन् जेवाले गेला. डब्यात भेंडी होती. सगळी खाल्ली.

लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही पारशिवनीले. मी कशाले? तं म्हणे, ‘वामनराव, फ्लॅश कोण धरन?’ घरी हळदीची तयारी, अंगणात बाया जमलेल्या. मामी म्हणे, ‘काढ गा सगळ्यायचा एक फोटो, जरा हात साफ होईन.’ वीस-पंचवीस बाया ओळीनं उभ्या केल्या. अश्विन कॅमेरा वर करते, अन् आता आमच्या एक्स-रेच्या दारावर जे लाल अक्षरात लिहिलं आहे, जे हा रोज प्रत्येक बाईले विचारते, ते त्याच्या तोंडातून गेलं न! मोठ्यानं! ‘कोणी गरोदर आहे काय? असन तं आधी बाहेर व्हा!’

सन्नाटा. कोंबडी होती एक अंगणात, तेसुद्धा थांबली.

मी म्हटलं, आता पडते मार. पण तुमाले सांगतो, मागच्या ओळीतून एक पोरगी, कामिनीची चुलत वहिनी, भावना तिचं नाव, पदर तोंडाले लावून गुपचूप बाहेर निघाली! लग्नाले सहा वर्षं झालेली, अन् घरात कोणालेच माहीत नाही, तिनं तिसरा महिना होईपर्यंत बोलाचं नाही असं ठरवलेलं! तिची सासू ओरडली, ‘अवं भावना! खरंच काय वं?’ अन् मंग काय विचारता, हळद राह्यली बाजूले, सगळ्या बाया तिलेच ओवाळाले धावल्या, सासू रडून राहिली, मामी साखर वाटून राहिली, अन् अश्विन तिथीच उभा, कॅमेरा हातात, तोंडावर काही नाही. मी म्हटलं, ‘काढ न बे फोटो!’ तेव्हा काढला. तो चांगला आला. कोणीच श्वास धरला नव्हता न त्याच्यात.

हा गोंधळ शांत झाला, अन् कामिनी आली, हळदीनं पिवळी झालेली. म्हणे, ‘दादा, दाखव न, माहे कसे आले?’ अन् ह्याच्या हातातून कॅमेरा घेतला. मी होतो तिथी. ती बटन दाबे, अन् पाहे. बटन दाबे, अन् पाहे. मामा पाव्हण्यायले पाणी देऊन राहिले. मामा चप्पल घालून राहिले. मामा दोर बांधून राहिले. मामाची पाठ. मामाचा हात, नुसता हात, मांडवाच्या खांबावर. दोनशे फोटो सकाळपासून काढले ह्यानं, अन् त्याच्यात नवरीचे नऊ! बाकी सगळे मामा!

ह्याच्या तोंडावर अकरा वर्षं काही दिसलं नाही राजेहो. कॅमेऱ्यानं सगळं बकून टाकलं.

कामिनीनं कॅमेरा खाली केला. ‘दादा, बाबाले काय झालं?’

‘काही नाही.’

‘मंग येवढे फोटो काहून?’

मी आकाशाकडे पाह्यलं, म्हटलं, आता मीबी कोंबडीसारखा थांबतो. त्या पोरीनं कॅमेरा ह्याच्या हातात परत देला. मंग म्हणे, ‘कधी भरती कराचं आहे?’

‘मंगळवारी.’

‘बरं.’ नाक पुसलं, हळद लागली नाकाले पुन्हा. ‘बाबाले सांगू नको मले समजलं म्हणून. आईले तं बिलकुलच नको, तिले सहन नाही होणार. अन् दादा... माहेबी काढ न थोडेसे. माहं लग्न आहे.’

म्हणजे पाहा, मामा म्हणते पोरीले सांगू नको, पोरगी म्हणते बापाले सांगू नको. अन् सांगाचं नाही हेच तं ह्याचं काम! अकरा वर्षांची सर्विस!

इतवार उजाडला. हॉल भरला, सावनेरची बस आली, आनंदरावानं दारातूनच अशी जय भीमची आरोळी दिली की स्टेजवरच्या माइकनं शिट्टी मारली. नवरदेव प्रीतम गरीब पोरगा, पांढऱ्या सुटात, घामानं चिंब. अश्विन गेला पुढं, मी फ्लॅश धरून मागं. अन् स्टेजवर चढल्याबरोबर हा नवरीले काय म्हणे? ‘गळ्यातलं काढून ठेवा, धातूचं काही नको!’ मी पाठीत कोपर मारलं, तेव्हा भानावर आला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मंगलगाथा सुरू झाली, पाकळ्या उडाल्या, हार पडले. अन् हा खटाखट काढते. पण सवय कुठी जाते? ‘श्वास घ्या... धरून ठेवा...’ पाहुणे बिचारे धरत होते! नवरदेवाच्या आत्यानं असा धरला, असा धरला, तिले चक्कर आली, खुर्चीवर बसवून लिंबूपाणी दिलं. आनंदराव दहा मिनिटं चूप बसले राजेहो, श्वास धरून! सावनेरचे लोक म्हणे, हे पहिल्यांदा पाह्यलं.

जेवणं सुरू होती तेव्हा जयवंतामामी आली अश्विनजवळ. वाढता वाढता आली, हातात बुंदीचं ताट. म्हणे, ‘मंगळवारची पिशवी मी भरून ठेवली, टॉवेल, लुंगी, चादर. पलंगाखाली आहे. तुह्या मामाले नको सांगू.’

अश्विन म्हणे, ‘तुले कोणी सांगितलं?’

‘कोणी कायले सांगन? एकतीस वर्षं त्या माणसाची कॉलर घासून राहिली मी. दोन बोटं सैल झाली दिवाळीपासून. मशीन लागते काय त्याले?’ अन् ताटातली बुंदी ह्याच्या तोंडात कोंबली. ‘कामिनीले कळू देऊ नको. लेकरू आज सासरी चाललं.’ अन् गेली, पंगतीत ओरडत, ‘अवं भाजी फिरवा न तिकडं!’

तिघं! तिघंही ह्याच्यापाशी येऊन, हळूच, दुसऱ्या दोघांले सांगू नको म्हणून! हा तोंडात बुंदी घेऊन उभा. चावतही नव्हता.

अन् मंग मामा गायब झाले. ऋषी बोलला होता तसंच. अश्विन हॉलच्या मागं गेला, मी फ्लॅश घेऊन त्याच्या मागं. पाण्याच्या टाकीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मामा बसलेले. रडून नव्हते राहिले. दम खाऊन राहिले होते. म्हणे, ‘आला काय? काढ मंग माहा. एकट्याचा.’ केसावरून हात फिरवला, कॉलर सरळ केली, हनुवटी वर. एकदम स्वतःच म्हणते, ‘म्हण न गा. श्वास घ्या, धरून ठेवा.’

अश्विननं कॅमेरा वर केला. अन् त्याच्या तोंडातून ते वाक्यच निघेना. नव्वद वेळा रोज, अकरा वर्षं, अन् निघेना! मी म्हटलं, गेलं, मशीन बंद पडली. मंग म्हणे, ‘नाही मामा. धरू नका. सोडा. हला. काहीतरी बोला.’

‘काय बोलू?’

‘गाडीत बोलत होते ते बोला.’

मामा हळूच उठले, एक हात वर केला जशी दोरी धरली घंटीची, अन् आवाज लावला... ‘चला कोराडी, पाटणसावंगी, सावनेर! सावनेरवाले मागं बसा, ओ ताई, पोराचं डोकं आत घ्या, पुढं सरका दादा, पुढं जागाच जागा आहे!’ हात धुवाले आलेले पाहुणे हसाले लागले, मामाबी हसाले लागले, खोकला आला, तरी हसून राहिले, अन् खटकन.

मामानं पाह्यला फोटो. म्हणे, ‘नाही चालत गा हा. ह्याच्यात मी लय जिवंत दिसून राहिलो. ह्याले हार घालतीन तं हाच ओरडन, पुढं सरका म्हणून.’ अन् खांद्यावर थाप मारून पंगतीत गेले. अश्विन कॅमेरा डोळ्याले लावून तसाच उभा. मामा गेले, खुर्ची रिकामी, तरी कॅमेरा खाली नाही. पाच मिनिटं झाली. फ्लॅश धरून होतो. धरला मी.

मंगळवारी सकाळी मी स्टुलावर बसलो होतो, तं समोरून मामा. म्हणे, ‘घरी गुडघे दाखवाले जातो म्हणून सांगून आलो.’ मागून पिशवी घेऊन मामी, ‘मी बहिणीकडे जातो म्हणून निघाली होती.’ अन् रिक्षातून उतरली कामिनी, हिरवा चुडा, नवरा संगं, सासरी सांगितलं दादाकडे फोटो पाहाले जातो म्हणून. तिघंही माह्या स्टुलापुढं! मामा मामीकडे पाहे, मामी पोरीकडे पाहे, पोरगी मोठ्या नजरेनं प्रीतमकडे, तो बिचारा नुसता चप्पल पाहे. शेवटी मामीनं पिशवी मामाच्या हातात देली अन् म्हणे, ‘गुडघे म्हणे! चला, कोणत्या मजल्यावर आहे?’ झालं. वर गेले सगळे. जिन्यानं.

आता चार औषधं झाली. केस गेले, भुवया गेल्या. गाठ लहान झाली म्हणते डॉक्टर, थोडी. थोडी म्हणजे किती, ते अश्विनले दिसते, पण तो बोलत नाही. मी विचारत नाही. चहा पेतो दोघं.

पण मामाले गप्प बसवते काय? सलाईन लावून पडलेले असतात अन् सगळ्या वॉर्डाले अल्बम दाखवतात, हा माहा भाचा, ह्यानं काढलं सगळं, पाहा, पाहा! अन् त्या वॉर्डात पडलेले सगळे आमच्याच वयाचे, कोणाची पोरगी लग्नाची, कोणाचा पोरगा, कोणाची नात. एक आला अश्विनकडे. मंग दुसरा आला. लग्नाचे पाच झाले, एक साखरपुडा. मी म्हटलं, अश्विन, तू एक्स-रेवाला आहे बावा, नाही म्हण त्यायले. दोन अक्षरं. त्यानं तारखायची वही पुढं सरकवली. पाचही जणायनं तारीख खोडून नवी लिहिली होती. सगळ्यायले जरा लवकरची पाहिजे.

आता तुम्हीच सांगा, अशायले कोण नाही म्हणते? येत्या इतवारी सावनेर. फ्लॅश मीच धरतो.